परटिणीच्या दोन मुली

१८८१ साली पॅरिसमध्ये भरलेल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या सहाव्या प्रदर्शनात एद्गार देगाने मेणाची एक मुलगी मांडली. आदल्या वर्षीच्या प्रदर्शनाच्या यादीतही तिचा उल्लेख होता, तिच्यासाठी केलेली काचेची पेटीही येऊन थांबली होती; मूर्ती मात्र आली नव्हती. आली तेव्हा खळबळ झाली. जेमतेम एक मीटर उंचीच्या या मुलीच्या अंगात खऱ्या कापडाची चोळी होती, कमरेला झिरझिरीत कापडाचा आखूड घेर होता, पायांत नाचाचे खरे जोडे होते, डोक्याला केस होते आणि वेणीला रिबीन होती. 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' असे तिचे नाव. संगमरवरी देवता पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांना ती कलाकृती वाटेना. शरीरशास्त्राच्या संग्रहालयातला नमुना वाटली. कोणी तिला माकडाची उपमा दिली, कोणी तिच्या पुढे आलेल्या हनुवटीत आणि मागे झुकलेल्या कपाळात भावी दुराचाराची लक्षणे वाचली. त्याच प्रदर्शनात देगाने तरुण गुन्हेगारांच्या चेहऱ्यांची चित्रेही मांडली होती. तेव्हा अशा वाचनाला त्याने स्वतःच थोडी वाट करून दिली होती, हेही खरे. युइस्मान्ससारखा एखादा लेखक सोडला तर मूर्तीतले नवेपण फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. देगाने आपल्या हयातीत ती पुन्हा कधीही प्रदर्शित केली नाही.

ही सारी मंडळी चेहऱ्याकडे पाहत होती. लहान मुलांना बॅलेचे पहिले धडे देणारी एखादी शिक्षिका तिथे असती, तर तिने आधी पायांकडे पाहिले असते. मुलीचे वजन मागच्या पायावर आहे, दुसरा पाय पुढे टाकलेला आहे आणि दोन्ही पावले बाहेरच्या बाजूला वळलेली आहेत. हात पाठीमागे गुंफलेले. ही बॅलेमधली चौथी पदस्थिती. सैल, विसाव्याची, आपली पाळी येण्याची वाट पाहतानाची, पण चौथीच. नाच थांबलेला आहे, पायांना लागलेले वळण थांबलेले नाही. रशियन पद्धतीच्या प्राथमिक वर्गात पाच पदस्थितींपैकी ही चौथी सर्वांत शेवटी शिकवतात, कारण पाय एकमेकांपासून दूर आणि एकापुढे एक ठेवून वजन, कंबर आणि वळण तिन्ही सांभाळणे नवशिक्याला फार जड जाते. म्हणजे ज्या मुलीच्या कपाळावर समीक्षक तिचे भविष्य वाचत होते, तिच्या पायांवर तिचा भूतकाळ लिहिलेला होता. तिने काही वर्षे काहीतरी कसून शिकले होते. बॅलेचा इतिहास सहसा राजे, नृत्यरचनाकार आणि कीर्तिवंत नर्तकी यांच्या नावांनी सांगितला जातो. तो या अशा नवशिक्या पायांकडून वाचला तर काय दिसते, एवढेच मला पाहायचे आहे.

आता त्या चौथ्या पदस्थितीविषयी. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात इयासँत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेले चौदाव्या लुईचे भव्य व्यक्तिचित्र आहे. त्रेसष्टीच्या घरातला हा राजा राज्याभिषेकाचा जड झगा एका बाजूला सारून आपले पांढऱ्या मोज्यांतले पाय दाखवतो आहे. जोड्यांच्या टाचा लाल. एक पाय पुढे, दोन्ही पावले बाहेर वळलेली. जवळजवळ तीच चौथी पदस्थिती. राजाने आपले पाय असे दाखवावेत याला कारण होते. तो स्वतः नर्तक होता. १६५३ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, 'रात्रीचा बॅले' या दरबारी प्रयोगात तो उगवत्या सूर्याच्या वेषात नाचला होता आणि 'सूर्यराजा' ही प्रतिमा त्याला पुढे जन्मभर चिकटली. १६६१ मध्ये त्याने नृत्याची राजकीय अकादमी स्थापन केली. त्याचा नृत्यशिक्षक पिएर बोशाँ याने पाच पदस्थिती निश्चित केल्या असे मानले जाते. राउल-ओजे फय्ये याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नृत्यलेखनाच्या पुस्तकात त्या आकृत्यांसह छापील रूपात दिसतात.

फय्येच्या या पुस्तकातली एक गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. त्यात पाच 'शुद्ध' पदस्थितींच्या जोडीला पाच 'अशुद्ध' पदस्थितीही दिल्या आहेत. त्यांत पावले आत वळलेली असतात. त्या शिक्षा म्हणून दिलेल्या नाहीत. विदूषकी, गावंढळ पात्रांच्या नाचात त्यांचा उपयोग होई. म्हणजे पावले बाहेर वळलेला माणूस सभ्य आणि आत वळलेला असभ्य, हा निवाडा त्या मुळाक्षरांतच घालून ठेवला होता. व्याकरण आणि शिष्टाचार यांची अशी सरमिसळ आपल्याला नवी नाही. 'शुद्ध' हा शब्द भाषेच्या वर्गात उच्चारताना आपण तरी कुठे तेवढ्यापुरतेच बोलत असतो? पुढे त्या अशुद्ध पाच विसरल्या गेल्या आणि शुद्ध पाच तेवढ्या उरल्या. आज जगातल्या कोणत्याही बॅलेच्या वर्गात पहिल्या दिवशी मूल टाचांना टाचा लावून पावले दोन दिशांना उघडते, तेव्हा ते कोणाच्या दरबारात उभे आहे याची त्याला कल्पना नसते. त्याला फक्त पोटऱ्यांतला ताण कळतो.

या बाहेर वळण्याला फ्रेंचमध्ये 'आँ देओर' म्हणतात. लुईच्या काळात ते माफक होते. पायाचा सुबक घाट दिसावा आणि बाजूला सहज सरकता यावे एवढ्यापुरते. जसजसा नाच दिवाणखान्यातून रंगमंचावर गेला, उड्या आणि गिरक्या वाढल्या, तसतसे ते वाढत गेले आणि एकोणिसाव्या शतकात दोन्ही पावले एका सरळ रेषेत, एकशे ऐंशी अंशांत उघडावीत असा आदर्श रुजला. आपल्याकडच्या वाचकाला येथे भरतनाट्यमची अरमंडी आठवेल. गुडघे तिथेही बाहेर उघडतात. पण हे साम्य वरवरचे आहे. अरमंडीत शरीर जमिनीशी नाते जोडून बसते. बॅलेमध्ये गुडघे वाकतात ते पुन्हा वर उठण्यासाठी, जमिनीचा आधार घेऊन जमीन सोडण्यासाठी. दोन्हींचा उगम एक असल्याच्या कथा अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांना आधार काही नाही.

नवशिक्या मुलाच्या दृष्टीने मुख्य प्रश्न निराळाच असतो. हे वळण आणायचे कोठून? पाऊल धरून फिरवले तर ते फिरते, पण गुडघा मागे राहतो आणि दुखावतो. खरे वळण मांडीचे हाड कमरेच्या खोबणीत फिरण्यातून येते. ही गोष्ट अठराव्या शतकातच माहीत होती. झाँ-जॉर्ज नोव्हेरने १७६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्ररूप ग्रंथात मांडीच्या सांध्यापासून होणाऱ्या या वळणाची चर्चा केली आहे आणि पाय बाहेर वळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका यंत्राची निरुपयोगी म्हणून संभावनाही केली आहे. असे यंत्र होते, यावरूनच लहान मुलांच्या पायांवर काय काय प्रयोग होत असतील याची कल्पना यावी. कान पिळून पाढे पाठ करून घेणाऱ्या पंतोजींची परंपरा केवळ आपल्याकडेच होती असे नाही.

पहिल्या वर्षाचा धडा पाहायला गेले तर अत्यंत नीरस असतो. भिंतीलगत कमरेएवढ्या उंचीवर एक लाकडी दांडा बसवलेला असतो. त्याला 'बार' म्हणतात. (आपल्याकडे या शब्दाने भलतेच चित्र डोळ्यांपुढे येते, त्याला इलाज नाही.) सुरुवातीला मूल त्या दांड्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी तो धरते. धरते म्हणजे त्यावर नुसते हात ठेवते. घट्ट आवळला की खांदे चढतात आणि शिक्षकाची छडी जमिनीवर वाजते. मग 'प्लिए', म्हणजे गुडघे वाकवणे. टाच न उचलता, पाठ सरळ ठेवून, गुडघे पावलांच्या बोटांच्या दिशेने उघडत खाली जायचे आणि तितक्याच सावकाश वर यायचे. खाली जाताना वर ओढल्यासारखे वाटले पाहिजे आणि वर येताना खाली रेटल्यासारखे. हे वाक्य ऐकून मुलांना काही बोध होत नाही. तो कित्येक महिन्यांनी पायांना होतो.

त्यानंतर 'बात्माँ ताँद्यु'. एक पाय जमिनीवरून घासत पुढे न्यायचा. आधी टाच सुटते, मग चवडा उचलला जातो, शेवटी फक्त बोटांची टोके जमिनीला टेकलेली राहतात. परत येताना याच्या नेमके उलट. पुढे, बाजूला, मागे, पुन्हा बाजूला. मग दुसरा पाय. दिसायला एवढेच. पण बॅलेमधली बहुतेक प्रत्येक उडी पायाच्या याच मार्गाने जमीन सोडते आणि याच मार्गाने जमिनीवर परतते. ज्याचा चवडा जमिनीवरून नीट घासायला शिकला नाही, तो पुढे उडीनंतर धपकन उतरतो आणि पोटरी किंवा घोटा गमावून बसतो. म्हणून हा धडा कंटाळा आला तरी चुकत नाही. धूळपाटीवर अक्षर गिरवण्याशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण एक मोठा फरक आहे. अक्षर एकदा वळणदार झाले की आपण धूळपाटी टाकून देतो. बॅलेमध्ये ती कधीच टाकता येत नाही. थोरातली थोर नर्तकी तिच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षीही सकाळी दांड्यापाशी उभी राहून प्लिएपासून सुरुवात करते. ज्ञानपीठ मिळालेल्या कवीने रोज सकाळी अ-आ-इ-ई गिरवावे, तसेच हे.

हे राजेशाही वळण परटिणीच्या मुलीपर्यंत पोहोचले कसे? लुईने १६७० च्या सुमारास रंगमंचावर नाचणे सोडले. त्याच्याबरोबर दरबारी मंडळीही मागे सरली आणि नाच धंदेवाईक कलावंतांच्या हाती गेला. १७१३ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात नृत्यशाळा सुरू झाली, पुढे तीत लहान मुले घेतली जाऊ लागली. ही मुले कोणाची? प्रतिष्ठित घरे मुलींना रंगमंचावर पाठवत नव्हती. त्यामुळे जी घरे पाठवू शकत होती, किंवा ज्यांना पाठवावे लागत होते, त्या घरांतून ती येत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये त्यांना 'पेती रा', म्हणजे चिमुकले उंदीर, हे नाव पडले. उमरावांची उभे राहण्याची रीत आता गरिबांच्या पोरींच्या पायांत उतरली होती आणि उमराव समोर खुर्चीत बसून ती पाहत होते.

देगाची मुलगी याच उंदरांपैकी. तिचे नाव मारी व्हॅन गोएथेम. जन्म १८६५चा. आईबाप बेल्जियममधून पॅरिसला आलेले. बाप शिंपीकाम करणारा, आई लोकांचे कपडे धुणारी. (शीर्षकातला 'परटीण' हा शब्द धंद्याच्या अर्थाने घ्यावा, जातीच्या नव्हे.) मारी १८७८ मध्ये ऑपेराच्या नृत्यशाळेत दाखल झाली. धाकटी बहीण शार्लोतही तिथेच शिकत होती. ऑपेराची नवी इमारत, गार्निएचा तो संगमरवरी प्रासाद, तीनच वर्षांपूर्वी उघडली होती. देगाच्या एका रेखाटनावर मारीचे नाव आणि पत्ता टिपलेला सापडतो. ती त्याच्यापुढे मोबदल्यासाठी उभी राहत असे, कारण नाचाच्या वर्गातून मिळणाऱ्या पैशांत घर चालत नव्हते.

देगाची बॅलेची चित्रे आपण सुंदर म्हणून पाहतो, भिंतीवर लावतो. ती जरा वर्गाचा अहवाल म्हणून वाचावीत. १८७७ च्या एका चित्रात दोन मुली दांड्यापाशी पाय ताणून उभ्या आहेत आणि डाव्या बाजूला जमिनीवर एक झारी ठेवलेली आहे, बागेला पाणी घालायची असते तशी. लाकडी जमिनीवरची धूळ बसावी आणि पाय घसरू नये म्हणून सरावापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडत, त्यासाठी ही झारी. दुसऱ्या एका प्रसिद्ध चित्रात वृद्ध नृत्यशिक्षक जूल पेरो हातातल्या जाड काठीवर रेलून उभा आहे. त्याच्या भोवतीच्या मुलींपैकी एक पाठ खाजवते आहे, एक कानातला डूल नीट करते आहे. भिंतीलगत त्यांच्या आया बसलेल्या. या आया केवळ कौतुकाने येत नसत. ऑपेराचे श्रीमंत वर्गणीदार पुरुष नर्तकींच्या दालनात मोकळेपणी वावरत, आणि कोणत्या मुलीला कोणाचा 'आश्रय' मिळतो यावर तिच्या घराची चूल अवलंबून असे. काही आया या व्यवहारापासून मुलीचे रक्षण करायला बसत, काही तो जुळवायला. आपल्याकडच्या कलावंतिणींच्या इतिहासात मुरलेल्या वाचकाला यावर अधिक भाष्य नको. प्रदर्शनातले समीक्षक मुलीच्या चेहऱ्यावर जो दुराचार शोधत होते, त्याचे गिऱ्हाईक कोण होते हे त्यांना चांगले माहीत असणार. मूर्ती मात्र त्यांनी मुलीची पाहिली, वर्गणीदाराची नव्हे.

१८८२ मध्ये ऑपेराने मारीला काढून टाकले. वर्गाला वारंवार गैरहजर राहणे आणि उशिरा येणे, हे कारण. थोरली बहीण अंत्वानेत त्याच साली चोरीच्या आरोपावरून तुरुंगात गेली. यानंतर मारीचा मागमूस जवळजवळ लागत नाही.

परटिणीची दुसरी मुलगी यापूर्वी वर्षभर आधीच, १८८१ मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मली होती. म्हणजे मेणाची मारी काचेच्या पेटीत उभी राहिली त्याच साली. तिचे नाव आन्ना पावलोवा. आई ल्युबोव्ह कपडे धुण्याचे काम करी. मूल अपुऱ्या दिवसांचे, दुबळे. पावलोवाने पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. आठ वर्षांची असताना आईने तिला मारिन्स्की नाट्यगृहात 'निद्रिस्त सुंदरी' हा बॅले दाखवायला नेले. त्यात मुलामुलींचा वॉल्ट्झ आला तेव्हा आईने विचारले, तुला यांच्यात नाचायला आवडेल का? मुलीने उत्तर दिले की यांच्यात नाही, आपल्याला त्या राजकन्येसारखे एकटीने नाचायचे आहे. नृत्यशाळेने मात्र वय लहान म्हणून तिला परत पाठवले. दहाव्या वर्षी, १८९१ मध्ये, ती पुन्हा गेली आणि तिला प्रवेश मिळाला.

ही शाळा आणि पॅरिसची शाळा यांत फरक होता. १७३८ मध्ये सम्राज्ञी आन्नाच्या हुकुमाने झाँ-बातिस्त लांदे या फ्रेंच शिक्षकाने हिवाळी राजवाड्यातच ती सुरू केली. पहिले विद्यार्थी बारा मुले आणि बारा मुली, राजवाड्यातल्या नोकरचाकरांची लेकरे. म्हणजे येथेही मुळाक्षरे गिरवायला घरगड्यांचीच पोरे होती. पण पुढे या शाळेने मुलांना राज्याच्या खर्चाने आपल्याच छताखाली ठेवले. खाणे, कपडे, औषधपाणी, वाचन-लेखन, फ्रेंच भाषा, आणि शिक्षण संपले की सम्राटाच्या नाट्यगृहात नोकरी व निवृत्तिवेतन. १८३६ पासून ती थिएटर स्ट्रीटवर आहे. कार्लो रोस्सी या वास्तुकाराने रचलेला हा रस्ता दोनशेवीस मीटर लांब, बावीस मीटर रुंद आणि दोन्हीकडच्या इमारती बावीस मीटर उंच. रस्त्याचे मापही जणू पदस्थितीसारखे बेतलेले. या दगडी शिस्तीत वर्गणीदाराला सहजी शिरकाव नव्हता. मुलींना नाट्यगृहात नेत तेही बंद गाड्यांतून.

या शाळेचे सर्वांत जिवंत वर्णन तामारा कार्साविनाने केले आहे. ती पावलोवाच्या मागून, १८९४ मध्ये तिथे दाखल झाली. 'थिएटर स्ट्रीट' (१९३०) हे तिचे आत्मचरित्र साहित्याच्या विद्यार्थ्याने केवळ गद्यासाठीही वाचावे असे आहे. तिचे वडील प्लातोन कार्साविन स्वतः नर्तक. मुलीने या धंद्यात पडू नये असे त्यांचे मत, कारण त्यांनी तो आतून पाहिला होता. आईचा विचार निराळा. घरची ओढाताण तिला दिसत होती, मुलीच्या पायाखाली काहीतरी घट्ट असावे असे तिला वाटत होते. वडिलांना न सांगता तिने एका निवृत्त नर्तकीकडे मुलीची शिकवणी सुरू केली. वडिलांना कळल्यावर ते विरघळले आणि मग स्वतःच शिकवू लागले. आणि बापाइतका कडक गुरू दुसरा नसतो. पुढे शाळेतली गणवेशांची उतरंड येते, साधा तपकिरी, त्याहून वर गुलाबी, सर्वांत वर पांढरा. वरच्या रंगाची ती ओढ मोठेपणीच्या भाषेत सांगतानाही तिच्या वाक्यांतून लहान मुलीचा श्वास ऐकू येतो. या मुली आळीपाळीने मोठ्या बॅलेमध्ये कामही करत. १८९२ मध्ये 'नटक्रॅकर'चा पहिला प्रयोग झाला, त्यातली छोटी नायिका याच शाळेची विद्यार्थिनी होती. उगवत्या मुलाला आपण कशासाठी रोज पाय घासतो आहोत हे असे प्रत्यक्ष रंगमंचाच्या उजेडात दिसे. पॅरिसच्या उंदरांनाही ते दिसे. पण पडद्यामागे काय आहे तेही त्यांना त्याच वेळी दिसे.

हे वर्णन वाचून पीटर्सबर्गची शाळा म्हणजे नंदनवन होते असे मानायचे कारण नाही. प्रवेशाच्या वेळी मुलांना डॉक्टर तपासत. पाठीचा कणा, गुडघे, घोटे, प्रमाणबद्धता, हृदय. अक्षर कोणाच्याही हाताला चालते. ही मुळाक्षरे मात्र आधी शरीर निवडतात. गरीब घराला दार उघडे आणि आखूड पायाला बंद, असा हा न्याय. पावलोवाचेही शरीर त्या काळच्या मापात बसणारे नव्हतेच. इटलीहून आलेल्या नर्तकींच्या दणकट पायांची तेव्हा छाप होती. ही काटकुळी, घोटे नाजूक, पावलाची कमान नको तितकी उंच. बरोबरीच्या मुली तिला 'केरसुणी' म्हणून चिडवत. पायाच्या टोकावर उभे राहताना आधार मिळावा म्हणून पुढे ती आपल्या जोड्यांत कडक चामडे घालून घेई. पावेल गेर्ट, क्रिस्तियान योहान्सन, एन्रीको चेकेत्ती हे तिचे गुरू. या तीन नावांतच शाळेचे वैशिष्ट्य आहे. योहान्सन मूळचा स्वीडिश, डेन्मार्कच्या बुर्नोनव्हिलचा शिष्य, चेकेत्ती इटालियन, आणि मुलांच्या तोंडचे शब्द फ्रेंच. एका पिढीच्या पायांतून दुसऱ्या पिढीच्या पायांत ही विद्या जात होती, आणि ती बव्हंशी मौखिक होती. 'असे कर', 'असे नको', 'पुन्हा'. का, हे क्वचितच.

हा 'का' विचारणारी मुलगी त्याच शाळेत पावलोवाच्या थोडी पुढे शिकत होती. आग्रिप्पिना वागानोवा, जन्म १८७९; वडील मारिन्स्कीत प्रेक्षकांना जागा दाखवणारे कर्मचारी. १८९७ मध्ये शिक्षण पुरे करून ती नाट्यमंडळात आली. जिद्द अफाट, पण रूप आणि अंगकाठी नायिकेची नव्हे. बॅलेरिनाचा दर्जा मिळेपर्यंत १९१५ उजाडले आणि पुढच्याच वर्षी ती निवृत्त झाली. आपल्याला शिकवणाऱ्यांनी चुका दाखवल्या पण त्या का होतात हे सांगितले नाही, ही तिची खंत होती. इटालियन पद्धतीने शिकलेल्या नर्तकींची गिरकी स्थिर का राहते, फ्रेंच वळणाचे हात सुंदर पण ढिले का पडतात, हे ती इतरांचे पाय पाहून, स्वतःच्या शरीरावर ताडून शोधत राहिली. क्रांतीनंतरच्या उपासमारीच्या दिवसांत, झारच्या दरबाराचे खेळणे म्हणून बॅलेच मोडीत काढावा असे म्हणणारे लोक होते, त्या काळात ती शिक्षिका झाली. १९२१ पासून ती आपल्याच जुन्या शाळेत शिकवू लागली आणि १९३४ मध्ये तिचे 'शास्त्रीय नृत्याची मूलतत्त्वे' हे पुस्तक निघाले.

हे पुस्तक रसाळ मुळीच नाही. त्यात आठवणी नाहीत, किस्से नाहीत. पाय कोठे, कंबर कशी, हात कोणत्या क्षणी, वजन कधी सरकते, इतकेच. मला मात्र ते व्याकरणाच्या चांगल्या पुस्तकासारखे वाटते. त्यात 'का'ला उत्तर आहे. पाय उचलताना पाठीने काय करायचे, उडीचा जोर प्लिएच्या कोणत्या क्षणी घ्यायचा, हात हे शोभेसाठी नसून गिरकीला बळ देण्यासाठीही असतात, हे ती सुट्या अवयवांतून नव्हे तर अखंड शरीरातून समजावते. गेली वीसेक वर्षे मी वर्गात प्रयोग आणि समास शिकवतो आहे. 'सर, हे असेच का?' या प्रश्नाला 'नियम आहे' असे उत्तर किती वेळा दिले याचा हिशेब या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर वाचताना मनात झाला आणि तो काही सुखावह नव्हता. वागानोवाच्या हाताखालून मारीना सेम्योनोवा १९२५ मध्ये आणि गालीना उलानोवा १९२८ मध्ये बाहेर पडल्या. १९५७ पासून शाळेला तिचे नाव आहे. निवडीचा काच तिने कमी केला असे मात्र म्हणता येणार नाही. तिच्या नावाच्या शाळेतही मुलांची अंगे मापली जातात आणि परीक्षेगणिक मुले गळतात. समजावून सांगितल्याने कठोरपणा नाहीसा होत नाही. तो आंधळा राहत नाही, इतकेच.

पावलोवाने या सगळ्या काळात जग पालथे घातले. १९२२-२३ मध्ये आणि पुन्हा १९२८-२९ मध्ये तिची मंडळी भारतात आली. मुंबईकरांनीही तिचा नाच पाहिला. पहिल्या दौऱ्यानंतर १९२३ मध्ये लंडनमध्ये तिने 'अजिंठ्याची भित्तिचित्रे' हा बॅले सादर केला. अलेक्झांडर चेरेप्निनचे संगीत, इव्हान क्लुस्तीनची रचना. त्याच सुमारास तरुण उदयशंकर तिच्यासाठी राधाकृष्णाच्या आणि हिंदू विवाहाच्या नृत्यरचना करत होते. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या त्या सैल, कमरेत लवलेल्या आकृती लुईच्या दरबारातल्या उभ्या कण्यावर कशा बसल्या असतील, याची मला शंकाच आहे. मात्र पावलोवाचे एक मोठेपण मान्य केले पाहिजे. तिच्या सहवासात बॅलेकडे ओढल्या गेलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिच्याच मंडळीतल्या क्लेओ नोर्दीकडे बॅलेचे धडे घेतले. पण आपल्या देशातले नृत्य शोधा, हा सल्ला त्यांना पावलोवाकडूनच मिळाला. उसन्या मुळाक्षरांत किती लिहिता येते आणि किती नाही, हे जिने ती दहाव्या वर्षापासून रोज गिरवली तिला कळत असावे.

देगा १९१७ मध्ये वारला तेव्हा मेणाची ती मुलगी त्याच्या घरात सापडली. वारसांनी तिच्यावरून काशाच्या प्रती ओतून घेतल्या आणि त्या जगभरच्या संग्रहालयांत गेल्या. मूळ मेणाची मूर्ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ज्या ऑपेराने मारीला उशिरा येते म्हणून काढले, त्याच ऑपेरात तिची धाकटी बहीण शार्लोत टिकली, वर चढली, आणि नाचणे संपल्यावर तिथेच मुलींना शिकवू लागली. तीही त्याच परटिणीची मुलगी. तिची मूर्ती कोणी केलेली नाही. दांड्यापाशी उभ्या केलेल्या पोरींच्या टाचा ती वर्षानुवर्षे जुळवत राहिली.